जावातून नेटिव्ह एन्क्रिप्शन लायब्ररी कॉल करताना येणारे लिंक एरर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अनसॅटिस्फाइड लिंक एरर आला म्हणजे नक्की झालं काय?

जावाने नेटिव्ह मेथडसाठी (जावात फक्त जिचं नाव असतं अशा मेथडसाठी) सी किंवा सी++ मधला कोड शोधला आणि तो मिळाला नाही, एवढंच. पण हे न मिळणं दोन वेगळ्या वेळी होतं आणि गोंधळ तिथेच होतो. एक तर सिस्टम.लोडलायब्ररी ही ओळ चालते तेव्हा, म्हणजे फाइलच लोड झाली नाही. किंवा फाइल आरामात लोड होते, अ‍ॅप सुरू पण होतं, आणि मग पहिल्यांदा एन्क्रिप्ट मेथड कॉल केली की धाडकन एरर, कारण त्या फाइलमध्ये जावाला हव्या त्या नावाचं फंक्शनच नाहीये. स्टॅक ट्रेसच्या (एररसोबत छापली जाणारी कॉलची यादी) वरच्या ओळी बघा, लोडलायब्ररी दिसतंय की तुमचीच नेटिव्ह मेथड, अर्धा तपास तिथेच होतो.

आणि मेसेज शेवटपर्यंत वाचा हो. लोक एररचं नाव कॉपी करून सर्च करतात आणि कोलनच्या पुढचं सोडून देतात, खरी माहिती तर तिकडेच असते.

ट्राय कॅच लावलाय तरी प्रोग्रॅम पडतोच, असं का?

कारण हा एक्सेप्शन नाहीये, एरर आहे, लिंकेज एररच्या घराण्यातला. कॅच एक्सेप्शन लिहून तो हाती लागत नाही. पकडायचाच असेल तर नाव घेऊन पकडा आणि मग प्युअर जावा इम्प्लिमेंटेशनवर उतरा, बऱ्याच लायब्ररी आतून हेच करतात.

याच्याच जोडीला अजून एक प्रकार होतो. लोडलायब्ररी स्टॅटिक ब्लॉकमध्ये असेल तर पहिल्या वेळी अनसॅटिस्फाइड लिंक एरर येतो, पण त्यानंतर त्या क्लासला हात लावला की दरवेळी नो क्लास डेफ फाउंड एरर, 'कुड नॉट इनिशियलाइझ क्लास' असं म्हणत. मग माणूस जार फाइलमध्ये क्लास शोधत बसतो, तो तर तिथे असतोच. लॉगमध्ये वर जा, पहिला एरर शोधा, तोच खरा.

जावा.लायब्ररी.पाथ बरोबर दिलाय, फाइल तिथे डोळ्यांना दिसतेय, तरी एरर. आता काय?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लायब्ररी शोधणारे दोघं असतात. पहिला जावा. समजा तुमच्या रॅपरचं (जावा आणि सी यांच्यामधल्या जोड लायब्ररीचं) नाव क्रिप्टोब्रिज आहे, तर लोडलायब्ररीला 'क्रिप्टोब्रिज' एवढंच नाव द्यायचं, जावा स्वतःच लिनक्सवर लिबक्रिप्टोब्रिज.एसओ, मॅकवर लिबक्रिप्टोब्रिज.डायलिब आणि विंडोजवर क्रिप्टोब्रिज.डीएलएल असं बनवून जावा.लायब्ररी.पाथ मध्ये, म्हणजे त्याला दिलेल्या फोल्डरांच्या यादीत, शोधतो. (कोणी नावात 'लिब' किंवा '.एसओ' पण टाकलं असेल तर एरर त्यामुळेच आहे, पुढे वाचायची गरज नाही.) दुसरा शोधणारा म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा लोडर. क्रिप्टोब्रिज स्वतः ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरच्या लिबक्रिप्टोवर अवलंबून आहे ना, ते लिबक्रिप्टो जावा शोधत नाही, लोडर शोधतो, आणि लोडरला तुमचा जावा.लायब्ररी.पाथ माहीतच नसतो. त्यामुळे दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी असल्या तरी पहिली सापडते आणि दुसरी नाही.

कोण अडलंय ते मेसेजवरून कळतं. 'नो क्रिप्टोब्रिज इन जावा.लायब्ररी.पाथ' असेल तर जावा अडलाय. पण फाइलचा पूर्ण पाथ, मग कोलन, मग 'लिबक्रिप्टो.एसओ.१.१: कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल' असं असेल तर जावाचं काम झालंय आणि लोडर अडलाय, आता जावा.लायब्ररी.पाथ देणारा तो डॅश डीवाला पर्याय कितीही बदला, फरक पडणार नाही.

लोडर अडला असेल तर आधी एलडीडी (फाइलला कोणत्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी कमांड) चालवा तुमच्या .एसओ फाइलवर. जिथे 'नॉट फाउंड' दिसेल तो तुमचा आरोपी. फक्त ज्या युजरने अ‍ॅप चालतं त्याच युजरने एलडीडी चालवा, तुमच्या लॉगिनमध्ये वेगळे व्हेरिएबल सेट असतील तर एलडीडी म्हणेल सगळं ठीक आहे. त्याने पण समजलं नाही तर एलडी_डीबग हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 'लिब्स' करून जावा सुरू करा, मग लोडर कोणती लायब्ररी कोणत्या फोल्डरमध्ये शोधतोय ते 'ट्राइंग फाइल' म्हणत ओळीओळीने सांगतो. आउटपुट लांबलचक येतं, फाइलमध्ये वळवा आणि त्यात लिबक्रिप्टो शोधा.

उपाय म्हणाल तर एलडी_लायब्ररी_पाथ (लोडरने कुठे शोधायचं ते सांगणारा व्हेरिएबल) सेट करणे हा सगळ्यात झटपट, पण माझं मत विचाराल तर तो टेस्टिंगपुरताच ठेवा. पक्का उपाय म्हणजे रॅपर बिल्ड करताना आरपाथमध्ये डॉलर ओरिजिन द्यायचं, म्हणजे 'मी जिथे आहे त्याच फोल्डरमध्ये आधी बघ' असं लायब्ररीतच लिहून ठेवलं जातं. मेकफाइलमध्ये लिहीत असाल तर डॉलर दोनदा लिहा नाहीतर मेक तो गिळून टाकतो. सोर्स हातात नसेल तर पॅचएल्फ नावाचं टूल आहे, त्याने तयार फाइलमध्ये आरपाथ घालता येतो. अजून एक जुगाड म्हणजे क्रिप्टोब्रिजच्या आधी लिबक्रिप्टोच सिस्टम.लोड ने पूर्ण पाथ देऊन लोड करून टाकायचं, त्याच नावाची लायब्ररी आधीच मेमरीत आहे हे बघून लोडर पुन्हा शोधत नाही. लिनक्स आणि विंडोज दोन्हीकडे चालतं.

सिस्टम.सेटप्रॉपर्टीने जावा.लायब्ररी.पाथ कोडमध्येच बदलला, चालत का नाही?

तो पाथ जावा सुरू होतानाच वाचून ठेवला जातो, नंतर प्रॉपर्टी बदलली तरी कोणी बघत नाही. रिफ्लेक्शनने आतलं फील्ड रिकामं करायची जुनी आयडिया सगळीकडे फिरते, नवीन जावावर ती चालत नाही. कमांड लाइनवर द्या किंवा सरळ सिस्टम.लोड वापरा.

टर्मिनलवरून मस्त चालतं, पण सर्व्हिस म्हणून सुरू केलं की लिंक एरर. का?

कारण एलडी_लायब्ररी_पाथ तुम्ही बॅशआरसी फाइलमध्ये टाकलाय आणि सर्व्हिस सुरू करणारा सिस्टमडी ती फाइल वाचत नाही. सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये एन्व्हायर्नमेंट ओळ टाका. सुडो पण हा व्हेरिएबल काढून टाकतो, म्हणून 'सुडोने पण नाही चालत' हे ऐकायला मिळतं. आणि ४४३ पोर्टवर बसता यावं म्हणून कोणी जावाच्या बायनरीला सेटकॅप केलं (जास्तीची परवानगी दिली) असेल तर कर्नल त्या प्रोसेसला सिक्युअर मोडमध्ये चालवतो आणि लोडर हा व्हेरिएबल बघतच नाही. अशा वेळी ईटीसीमधल्या एलडी.एसओ.कॉन्फ.डी फोल्डरमध्ये पाथची फाइल टाकून एलडीकॉन्फिग चालवणं हाच सरळ रस्ता.

ओपनएसएसएल इन्स्टॉल आहे, व्हर्जन कमांड पण चालते, तरी 'लिबक्रिप्टो.एसओ सापडत नाही' म्हणतंय.

नाव नीट बघा, मागे आकडा आहे का? रनटाइम पॅकेजमध्ये लिबक्रिप्टो.एसओ.३ अशी आकड्यासकट फाइल येते. बिनआकड्याची लिबक्रिप्टो.एसओ ही फक्त एक लिंक असते आणि ती डेव्हलपमेंट पॅकेजमध्ये येते, उबंटू-डेबियनवर लिबएसएसएल-डेव्ह, रेड हॅटच्या कुटुंबात ओपनएसएसएल-डेव्हेल. काही सॉफ्टवेअर चालतानाच बिनआकड्याचं नाव मागतात. हडूप हे मोठा डेटा हाताळणारं सॉफ्टवेअर त्यातलंच, 'हडूप चेकनेटिव्ह' चालवलं की ओपनएसएसएलच्या पुढे 'फॉल्स' आणि हाच मेसेज दिसतो, डेव्हेल पॅकेज टाकलं की बहुतेक वेळा 'ट्रू' होतं. नंतरही 'फॉल्स' राहून पुढे ईव्हीपीने सुरू होणारं एखादं फंक्शनचं नाव दिसलं तर ते व्हर्जनचं भांडण आहे, पुढचा प्रश्न वाचा.

सर्व्हर अपग्रेड केला आणि 'अनडिफाइन्ड सिम्बॉल' यायला लागलं, कोडला तर हातही लावला नव्हता.

कोडला नाही लावला पण खालची ओपनएसएसएल बदलली ना. १.०.२ वरून १.१.० वर जाताना, २०१६ मध्ये, बरीच फंक्शन्स काढली किंवा त्यांचे मॅक्रो (कंपाइल करतानाच दुसऱ्या कोडने बदलली जाणारी नावं) केले. ईव्हीपी_सायफर_सीटीएक्स_क्लीनअप, एसएसएल_लायब्ररी_इनिट ही नावं आता लायब्ररीत सिम्बॉल म्हणून नाहीतच, हेडर फाइलमध्ये फक्त मॅक्रो आहेत. म्हणजे तोच कोड नव्याने कंपाइल केला तर बरेचदा चालेल, पण जुनी कंपाइल केलेली .एसओ ते नाव मागत राहते. २०२१ मध्ये ३.० आली तेव्हाही हेच झालं, ईव्हीपी_एमडी_साइझचं ईव्हीपी_एमडी_गेट_साइझ झालं आणि जुनं नाव मॅक्रोपुरतं उरलं.

म्हणून उपाय एकच, नवीन ओपनएसएसएलच्या हेडरवर रॅपर पुन्हा बिल्ड करा, किंवा थर्ड पार्टी लायब्ररी असेल तर तिचं नवीन व्हर्जन घ्या. उबंटू २२.०४ आणि रेड हॅट ९ दोन्हीकडे आता ओपनएसएसएल ३ च मिळते. रेड हॅट ९ वर जुन्यासाठी कॉम्पॅट पॅकेज आहे, पण १.१.१ चा मोफत सपोर्ट सप्टेंबर २०२३ मध्येच संपलाय, तेव्हा एन्क्रिप्शनच्या कामासाठी त्याच्यावर किती दिवस काढायचे ते तुम्हीच ठरवा.

मग लिबक्रिप्टो.एसओ.३ ला १.१ नावाची सिमलिंक करून टाकू का?

नका करू. आधी तर 'व्हर्जन ओपनएसएसएल_१_१_० नॉट फाउंड' असा नवीन एरर येईल कारण सिम्बॉलवर व्हर्जनचा शिक्का असतो. आणि अशीच दुसरी कुठली बिनशिक्क्याची लायब्ररी असेल तर लिंक होऊनही जाईल, पण आतल्या स्ट्रक्चरचा आकार वेगळा, मग जेव्हीएम (जावा चालवणारा प्रोग्रॅम) सेगफॉल्टने मरेल किंवा त्याहून वाईट म्हणजे मरणार नाही आणि चुकीचं एन्क्रिप्ट करत राहील. लिंक एरर परवडला.

'राँग ईएलएफ क्लास' किंवा 'इनकम्पॅटिबल आर्किटेक्चर' म्हणजे काय?

जेव्हीएम ६४ बिट आणि लायब्ररी ३२ बिट, किंवा उलटं. फाइल कमांडने .एसओ बघा, जावा काय आहे ते ओएस.आर्च प्रॉपर्टीत दिसतं. लक्षात ठेवा, इथे मशीनचं आर्किटेक्चर बघायचं नाही, जेव्हीएमचं बघायचं. २०२० नंतरच्या अ‍ॅपल सिलिकॉन मॅकवर हमखास होतं, जुना इंटेल जेडीके रोझेटावर (इंटेलचे प्रोग्रॅम चालवणारी अ‍ॅपलची सोय) बिनतक्रार चालत असतो, होमब्रू या पॅकेज टूलने टाकलेली लायब्ररी मात्र एआरएमची, मग दोघांचं जमत नाही. होमब्रू एआरएमवर ऑप्ट/होमब्रू मध्ये टाकतं आणि इंटेलवर यूएसआर/लोकल मध्ये, हे पण पाथ देताना बघा.

मॅकवर अजून एक, अ‍ॅपलची स्वतःची बिनव्हर्जनची लिबक्रिप्टो.डायलिब लोड करायला गेलात तर कॅटालिनापासून पुढे सिस्टम प्रोसेसच बंद पाडते, जावाचा एरर सुद्धा येत नाही. होमब्रूच्या फाइलचा पूर्ण पाथ द्या. डीवायएलडी_लायब्ररी_पाथवर विसंबू नका, शेल स्क्रिप्टमधून जाताना मॅक तो पुसून टाकतं.

विंडोजवर 'कान्ट फाइंड डिपेंडंट लायब्ररीज' येतं पण कोणती ते सांगतच नाही.

हो, विंडोज नाव सांगत नाही, चिडचिड होते. डिपेंडन्सीज नावाचं ओपन सोर्स टूल आहे त्यात तुमची डीएलएल उघडा, नाहीतर व्हिज्युअल स्टुडिओ असेल तर डंपबिन. बहुतेक वेळा दोनातलं एक निघतं, व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल टाकलेलं नाही, किंवा लिबक्रिप्टो-३-एक्स६४.डीएलएल पाथमध्ये नाही. डेव्हलपरच्या मशीनवर व्हिज्युअल स्टुडिओमुळे सगळं असतं म्हणून तिथे कधीच येत नाही, क्लायंटकडे गेलं की पहिल्याच दिवशी येतं.

डीएससीचा (डिजिटल सहीचा) यूएसबी टोकन जावातून वाचायचाय, ई-टेंडर किंवा जीएसटीच्या सहीसाठी. डीएलएल लोड होत नाही.

इथे आपण स्वतः जेएनआय (जावा आणि सी जोडणारा कोड) लिहीत नाही, सनपीकेसीएस११ हा जावाचाच प्रोव्हायडर टोकनवाल्यांची डीएलएल लोड करतो, पण भांडणं तीच. कॉन्फिग फाइलमध्ये 'नेम' आणि 'लायब्ररी' अशा दोन ओळी लागतात आणि लायब्ररीला पूर्ण पाथ लागतो.

गंमत फोल्डरच्या नावात आहे. ६४ बिट विंडोजवर ६४ बिट डीएलएल असतात सिस्टम३२ मध्ये आणि ३२ बिटवाल्या असतात सिसवॉव६४ मध्ये. हो, उलटंच. तर तुमचा जावा ६४ बिट असेल तर सिस्टम३२ मधलीच डीएलएल द्या. जावा ३२ बिट असेल आणि तुम्ही सिस्टम३२ चा पाथ दिला तर विंडोज गुपचूप त्याला सिसवॉव६४ कडे वळवतं, त्यामुळे 'एक्सप्लोररमध्ये फाइल आहे आणि जावा म्हणतो नाही' असा भुताटकीचा प्रकार होतो.

डीएलएल लोड झाली पण टोकन दिसत नाही, हा लिंक एरर नाही. रिमोट डेस्कटॉपने सर्व्हरवर जाऊन बघत असाल तर तिथे विंडोज स्मार्ट कार्ड तुमच्या समोरच्या मशीनवर शोधतं, सर्व्हरला खोचलेला टोकन त्या सेशनमध्ये दिसतच नाही. आणि टेस्ट करताना पिन लूपमध्ये टाकू नका, चुकीची पिन थोड्या वेळा गेली की टोकन लॉक होतो आणि मग डीएससी देणाऱ्याच्या मागे फिरावं लागतं.

लॅपटॉपवर चालतं, अल्पाइनच्या डॉकर इमेजमध्ये नाही.

अल्पाइनमध्ये जीलिबसी ही लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी नसते, तिच्याऐवजी मसल असते. जार फाइलच्या पोटात आलेली .एसओ जवळजवळ नेहमी जीलिबसीवर बिल्ड केलेली, मग 'एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२ लोड करता आली नाही' असं येतं. जीकॉम्पॅट टाकून काहींचं काम भागतं, पण एन्क्रिप्शन लायब्ररीच्या बाबतीत मी तरी डेबियनची स्लिम इमेज घेईन, वाचलेल्या थोड्या एमबीसाठी ही कटकट कोण करणार.

उलट बाजूने 'जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड' असेल तर लायब्ररी नव्या सिस्टमवर बिल्ड झालीये आणि तुम्ही ती जुन्यावर चालवताय. सेंटओएस ७ वर जीलिबसी २.१७ आहे, उबंटू २२.०४ वर २.३५. जुन्यावर बिल्ड केलेलं नव्यावर चालतं, नव्यावरचं जुन्यावर नाही, म्हणून बिल्ड मशीन मुद्दाम जुनं ठेवतात. जीलिबसी हाताने अपग्रेड करायचा विचार मनात आला असेल तर सोडून द्या, सर्व्हर उठणार नाही.

'फेल्ड टू मॅप सेगमेंट फ्रॉम शेअर्ड ऑब्जेक्ट' आलं.

टेम्प फोल्डर नोएक्झेक (इथून कोड चालवायचा नाही) लावून माउंट केलाय, सिक्युरिटी ऑडिटनंतर असं होतं. जेएनए, नेटी वगैरे लायब्ररी .एसओ जारमधून टेम्पमध्ये काढून तिथून लोड करतात, ते अडतं. जावा.आयओ.टेम्पडिर दुसऱ्या फोल्डरकडे वळवा, जेएनएसाठी वेगळी जेएनए.टेम्पडिर आहे, नेटीसाठी आयओ.नेटी.नेटिव्ह.वर्कडिर. ऑडिटवाल्यांशी भांडायची गरज नाही.

टॉमकॅटमध्ये अ‍ॅप रीडिप्लॉय केलं की 'ऑलरेडी लोडेड इन अनदर क्लासलोडर'.

एक नेटिव्ह लायब्ररी एका वेळी एकाच क्लासलोडरकडे (क्लास लोड करणाऱ्या जावाच्या भागाकडे) राहू शकते, जुनं अ‍ॅप गेलं तरी त्याचा क्लासलोडर कचऱ्यात जाईपर्यंत ती त्याच्याकडेच. नेटिव्ह मेथडवाली जार वेब-इन्फमधून काढून टॉमकॅटच्या लिब फोल्डरमध्ये ठेवा. आणि सुरू होताना टॉमकॅट 'एपीआर बेस्ड नेटिव्ह लायब्ररी सापडली नाही' म्हणतं ना, ती फक्त माहिती आहे, एरर नाही.

फाइल लोड झाली, नाव बरोबर, तरी नेटिव्ह मेथड कॉल केली की एरर.

आता फंक्शनच्या नावाकडे वळा. जेएनआयमध्ये सी फंक्शनच्या नावात पॅकेज आणि क्लासचं पूर्ण नाव असतं. म्हणजे क्लास दुसऱ्या पॅकेजमध्ये हलवला की नातं तुटलं. मेव्हनच्या शेड प्लगइनने पॅकेजचं नाव बदललं किंवा प्रोगार्डने क्लासचं नाव आखूड केलं तरी तेच, आणि हे डेव्हलपरला दिसत नाही कारण आयडीईमध्ये सगळं चालतं, फायनल जारच फक्त पडते. नेटिव्ह मेथडवाले क्लास दोन्हीकडे वगळा. सी++ असेल तर एक्स्टर्न सी विसरलात का बघा. मेथडच्या नावात अंडरस्कोर असेल तर सी मध्ये त्याचं अंडरस्कोर-एक होतं, हाताने हेडर लिहिणारे इथे हमखास अडकतात. जावाएच जेडीके १० पासून नाहीये, जावासीला डॅश एच द्या. फाइलमध्ये काय नावं आहेत ते एनएम डॅश डी ने बघा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा.

'स्टॅक गार्ड डिसेबल' असली काहीतरी वॉर्निंग येते, दुर्लक्ष करू का?

नको. हाताने लिहिलेली असेम्ब्ली असलेल्या क्रिप्टो लायब्ररीत हे दिसतं, कारण असेम्ब्ली फाइलमध्ये एक छोटी नोट लिहायची राहून जाते आणि लिंकर समजतो की हिला एक्झिक्युटेबल स्टॅक हवाय. आत्तापर्यंत फक्त वॉर्निंग होती, पण २०२५ च्या जीलिबसी २.४१ पासून अशी लायब्ररी चालू प्रोग्रॅममध्ये लोडच होऊ देत नाही. डॅश झेड नोएक्झेकस्टॅक देऊन पुन्हा लिंक करा.

मुळात नेटिव्ह लायब्ररी लागतेच का?

बरेचदा नाही, आणि हे आधी विचारा. एईएससाठी हॉटस्पॉट (नेहमीची जेव्हीएम) प्रोसेसरच्या खास सूचना जावा ८ पासूनच वापरतो. चाचा२०-पॉली१३०५ आणि एक्स२५५१९ जावा ११ मध्ये आले, एड२५५१९ जावा १५ मध्ये, क्वांटमवाले एमएल-केईएम आणि एमएल-डीएसए २४ मध्ये. पासवर्ड हॅशिंगचं आर्गॉन२ जेडीकेमध्ये नाही पण बाउन्सी कॅसल या लायब्ररीत प्युअर जावात आहे. 'जावात २५६ बिट चालत नाही' म्हणून कोणी नेटिव्हकडे गेलं असेल तर ती जुनी पॉलिसीची अडचण होती, जावा ८यू१६१ पासून बाय डिफॉल्ट सुटलीये. टोकन, एचएसएम (किल्ल्या सांभाळणारं हार्डवेअर), किंवा समोरच्याने दिलेली बंद डीएलएल असेल तर मात्र इलाज नाही.

जावा २४ वर टाकल्यावर लोडलायब्ररीच्या ओळीवर वॉर्निंग येते, हा पण लिंक एररच का?

नाही, लायब्ररी लोड झालेली असते. नेटिव्ह कोड चालवायला आता परवानगी सांगून द्यावी अशी जावाची इच्छा आहे, म्हणून सध्या वॉर्निंग, पुढच्या एखाद्या व्हर्जनमध्ये सरळ नकार. इनेबल-नेटिव्ह-अ‍ॅक्सेस हा पर्याय देऊन मॉड्यूलचं नाव लिहा, मॉड्यूल वापरत नसाल तर 'ऑल-अननेम्ड'. जावा २२ मध्ये पक्क्या झालेल्या फॉरेन फंक्शन एपीआयला पण हाच पर्याय लागतो, फक्त तिथे लायब्ररी नाही सापडली तर अनसॅटिस्फाइड लिंक एरर नाही येत, इल्लीगल आर्ग्युमेंट एक्सेप्शन येतो, तेव्हा तुमचा जुना कॅच ब्लॉक तिथे उपयोगाचा नाही.